बेटावरचा मुराळी

आई बोलता बोलता ‘आमच्या बेटात’ असं म्हणायची आणि मला नि माझ्या धाकट्या भावाला, पिंट्याला, समुद्र दिसायला लागायचा. आमच्या बेटात असली वातड भाकरी कुणी खात नाही, आमच्या बेटात पाहुणा आला की मासवड्याच व्हायच्या, आमच्या बेटातल्या शेंगा भाजल्या की वास पार नदीपलीकडं जातो. हे सगळं ती दौंडला, राखीव पोलीस दलाच्या लाइनीतल्या दोन खोल्यांत, वातीच्या स्टोव्हपुढं बसून सांगायची. बाहेर रेल्वेच्या यार्डात दिवसभर डबे एकमेकांवर आदळत असायचे आणि पहाटे परेडचा बिगुल वाजायचा. पिंट्याच्या भूगोलाच्या पुस्तकात बेटाचं चित्र होतं, चारी बाजूंनी पाणी आणि मधे दोन नारळाची झाडं. त्यानं वर्गात सांगूनच टाकलं होतं की माझ्या मामाचं एक बेट आहे. तिथं होडीनं जातात का, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, नाही, एसटीनं.

खरं म्हणजे बेट हा शिरूर तालुक्यातला, घोड आणि कुकडी या दोन नद्यांच्या मधला मुलूख. तिकडं सगळे त्याला बेटच म्हणतात. पण हे आम्हाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं आणि आम्ही ते पाहिलंही नव्हतं, कारण मला कळायला लागल्यापासून आई माहेरी गेली नव्हती.

ती गेली नव्हती ती मुराळ्यापायी. मुराळी म्हणजे सासरी गेलेल्या लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस, बहुतेक करून तिचा भाऊ. आमच्याकडं सणवारांचं फारसं काही उरलं नव्हतं. वडिलांकडच्या आजोबांनी जयंती आणि बुद्धपौर्णिमा एवढंच ठेवलं होतं. मुराळ्याची रीत मात्र कुणी सोडली नव्हती. उन्हाळ्याची सुटी लागली की लाइनीतल्या एकेका घरी कुणाचा तरी भाऊ पिशवी घेऊन उतरायचा, एक रात्र राहायचा, त्याला गोडधोड व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी ती बाई पोरांना घेऊन त्याच्यामागं निघायची. आमचा बबनमामाही एकदा असाच आला होता. दादा, म्हणजे आमचे वडील, नेमके त्याच दिवशी लांबच्या बंदोबस्तावरून परतले होते. इतके दिवस तंबूत काढलेला माणूस, त्याला वाटलं आता बायकापोरं जवळ असावीत. मामा चहा पिता पिता सहज बोलून गेला की दाजी, तुम्हीच घरी पाहुण्यासारखे येता, आक्का वर्षभर एकटी असते, मग चार दिवस आमच्याकडं राहिली तर काय बिघडलं. बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच लागलं असणार. दादा म्हणाले, ‘परत माझ्या दारात हिला न्यायला येऊ नको.’ मामानं कप खाली ठेवला, पिशवी उचलली आणि तो आईला न घेताच गेला.

दादांनी आईला जाऊ नको असं कधीच म्हटलं नाही. उलट दर सुटीत ते म्हणायचे, जायचं तर जा, मी एसटीत बसवून देतो. पण आई मुराळ्याशिवाय जायला तयार नव्हती. लेक एकटीच पिशवी घेऊन फाट्यावर उतरली की नवऱ्यानं हाकलून दिली असं गाव धरून चालतं, आणि तुमच्या दादांबद्दल मी तसं कुणाला बोलू देणार नाही, असं ती म्हणायची. मामाचा निरोप असायचा की दाजींनी दाराचं बोलणं मागं घ्यावं, मी उद्या येतो. आणि दादा बोललेलं मागं घेणाऱ्यांतले नव्हते. तिघं आपापल्या जागी घट्ट बसलेले. आबा, म्हणजे आईचे वडील, सुगी झाली की शेंगांची एक गोणी एसटीच्या टपावर टाकून पाठवायचे. ती आणायला दादा स्वतः स्टँडवर जायचे आणि खांद्यावरून घरी आणायचे. गोणी सोडली की आई पहिली मूठ हातात धरून नुसता वास घ्यायची.

मग एका मे महिन्यात दादा रजेवर आले ते काखोटीला तंबू मारूनच. कुणाकडून तरी मागून आणलेला, ठिगळं लावलेला, रंग उडालेला हिरवा तंबू. त्यांनी जाहीर केलं की यंदा आपण बेट बघायला जायचं, पायी फिरायचं, उघड्यावर राहायचं आणि कुणाच्या घरी उतरायचं नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, तिकडं बघण्यासारखं आहे तरी काय, तर म्हणाले, नदीतले रांजणखळगे. ते खरंच बघण्यासारखे आहेत. कुकडीच्या पाण्यानं काळ्या खडकात अख्खा माणूस मावेल असे रांजण कोरून ठेवलेत. पण दादांना रांजणांचं काही पडलेलं नव्हतं हे मलासुद्धा कळत होतं. आईनं जेवताना विचारलं, गावापर्यंत जायचं का. दादा ताटात बघत म्हणाले, नदीपर्यंत. पात्रातून गाव दिसतं ना, मग तिथनं बघ. आई म्हणाली, बरं. आज मी दादांच्या तेव्हाच्या वयाच्या बरीच पुढं आले आहे आणि मला त्यांचं फार कौतुक वाटतं. माफी मागता येत नव्हती म्हणून त्या माणसानं तंबू आणला.

चौफुला, न्हावरा करत एसटीनं आम्हाला शिरूरला सोडलं. स्टँडवर दादांनी आम्हाला भेळ खाऊ घातली आणि मग ‘फॉलिन’ म्हणून ओळीत उभं केलं. सगळ्यात पुढं ते, पाठीवर तंबू आणि दलातली पाठपिशवी, म्हणजे पिट्टू, कमरेला पाण्याची बाटली. मग मी, मग पिंट्या आणि शेवटी आई. आईनं पाठीवर काही घ्यायला साफ नकार दिला. तिनं पदराची चुंबळ केली, डोक्यावर बोचकं ठेवलं आणि हात मोकळे सोडून निघाली. बोचक्यात दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, हुलग्याचं पीठ होतं, एक पातेलं आणि एक तवा. घोड नदी ओलांडेपर्यंत आमची ओळ टिकली. पलीकडचा चढ लागला आणि कधी कोण जाणे, आई सगळ्यात पुढं गेली.

ती आई मी आधी कधी पाहिलीच नव्हती. दौंडला ती बाजारात जायची तर भिंतीच्या कडेकडेनं जायची. इथं ती माळावरून अशी चालत होती की आम्हाला पळावं लागत होतं. दगडगोट्यांतून, तरवडाच्या झुडपांतून, ओढ्याच्या कोरड्या घळीतून ती वाट काढायची आणि मागं वळून न बघता सांगायची, हितनं या, तिकडं काटं हायत. तिची बोलीही बदलली. लाइनीत तिनं जपून ठेवलेलं ‘आहे’ आणि ‘नाही’ घोडेच्या पलीकडंच राहिलं. हिवराच्या झाडाखाली थांबून ती झाडाला हात लावायची, वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याला आपणहून जयभीम घालायची, कुणाच्या विहिरीत पाणी किती खाली गेलंय ते वाकून बघायची. दादांच्या बुटांनी तोवर टाचा सोलल्या होत्या. ते लंगडत मागून येत होते आणि तिच्याकडं बघत होते. पिंट्यानं मात्र दुपारी एका बांधावर बसकण मारली. बेट कधी येणार, हे सांगितल्याशिवाय उठणार नाही म्हणाला. आई म्हणाली, ‘आरं, बेटातच चाललोय की सकाळधरनं.’ पिंट्यानं चारी बाजूंना पाहिलं. नुसता माळ. त्यानं असं भोकाड पसरलं की दादांना त्याला पिट्टूवर बसवून न्यावं लागलं.

पहिला मुक्काम माळावर झाला. दादांनी तंबू ठोकला आणि लांडगे येतील म्हणून भोवती काटेरी फांद्या लावल्या. आईनं तीन दगडांवर पातेलं ठेवून हुलग्याचे शेंगोळे केले. लसणाची फोडणी, पिठाची बोटभर वळलेली वेटोळी, दाट रस्सा. मी पुढं बरंच काही चांगलंचुंगलं खाल्लं, पण त्या शेंगोळ्यांची चव काही परत आली नाही. आता त्या माळावर सगळा ऊस आहे, उसात बिबटे आहेत आणि संध्याकाळी लोक दारं लावून बसतात. तिथं तंबू ठोकू असं आज कुणी म्हटलं तर त्याला वेड्यात काढतील.

दुसऱ्या दिवशी उतरती वाट लागली. नदीच्या अलीकडं एका विहिरीवर एक म्हातारी धुणं धूत होती. तिनं आईला विचारलं, कुणाची गं तू. आईनं आबांचं नाव सांगितलं. मग दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत बसल्या, आणि दादा लांब उभे राहून उगाच तंबूच्या दोऱ्या तपासत राहिले. आई आली ती पदरानं तोंड पुसत. एवढंच म्हणाली की चला, अंधार पडायच्या आत नदीत उतरू.

कुकडीचं पात्र पाहिलं आणि पिंट्यासुद्धा बेटाचं विसरला. काळाकुट्ट खडक, त्याला पडलेल्या घळी, घळीत हिरवं साचलेलं पाणी, आणि जिकडं बघावं तिकडं रांजण. वाहतं पाणी मात्र थेंबभर नाही. गावाच्या शिवेत पाऊल टाकायचं नाही हे दादांनी ठरवलेलंच होतं. नदीचं पात्र कुणाच्याच शिवेत येत नाही, असं त्यांचं मत. त्यांना खालची वाळूची सपाट जागा पसंत पडली. आई म्हणाली, तिथं नको, विंचू असतात. पात्राच्या मधोमध एक उंच, रुंद, वरून सपाट असा खडक होता, तिथं ती चढून गेली आणि म्हणाली, हितं ठोका. खडकात खुंट्या कशा ठोकणार? दादांनी कुरकुर करत दोऱ्या दगडांना बांधल्या. त्या खडकावरून गाव दिसत होतं. विहारावरचा निळा झेंडा, एक पिंपळ, घरांवरून निघणारा धूर. आई त्या बाजूला तोंड करून बसली. धुराकडं बोट दाखवत कोणाची चूल कुठली ते तिनं आम्हाला सांगितलं. दादा दुसऱ्या बाजूला तोंड करून बसले होते. इतक्या जवळ आलो आहोत आणि उद्या इथूनच परत फिरायचं, हे मला त्या वयातही बघवत नव्हतं.

सकाळी मला जाग आली ती पिंट्याच्या ओरडण्यानं. तो तंबूबाहेर चड्डीवर नाचत होता. ‘आई, बेट आलं! बेट आलं!’ मी बाहेर आले. खडकाच्या चारी बाजूंनी पाणी होतं. गढूळ, फेसाळ, घळींतून घुमत जाणारं पाणी. पुस्तकातल्यासारखं बेट, नुसती नारळाची झाडं तेवढी नव्हती. दादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले आणि कमरेइतकं पाणी लागताच माघारी आले. धरणातून उन्हाळी आवर्तन सुटलं होतं. खालच्या गावांचे बंधारे भरायला असं पाणी वरून सोडतात. नदीकाठच्या पोरासोरांना ते ठाऊक असतं, पण दौंडच्या लाइनीत राहणाऱ्या जवानाला कुठून असणार? दादा घाबरले होते. आमच्यासाठी घाबरले होते. आई मात्र वेणी घालून, नीटस पातळ नेसून, बोचकं बांधून बसली होती.

पुढं कितीतरी वर्षांनी, दादा गेल्यानंतर, मी तिला सरळ विचारलं की विहिरीवरची म्हातारी तुला काय म्हणाली होती. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘पाणी सुटलंय, सकाळपातूर येतंय म्हनली.’ मी म्हटलं, आणि तू पोरांना घेऊन नदीत झोपलीस? तर म्हणाली, ‘त्यो खडक पुराला सुदिक बुडत न्हाई. आमी ल्हानपनी त्याच्यावरच खेळायचो.’ आणि भाजी निवडत राहिली. सहा महिने बंदोबस्तात राहून माणसांची गर्दी सांभाळणारे दादा, पण त्यांना कुठं नेऊन ठेवायचं हे तिला बरोबर कळलं होतं. माझ्या आयुष्यात मी इतकी हुशार बाई दुसरी पाहिली नाही.

पाणी आलं म्हटल्यावर गावातली माणसं बंधाऱ्याला ढापे टाकून पाणी अडवायला नदीवर येणारच होती. तशी ती आली. कुणीतरी खडकावरचा हिरवा तंबू पाहिला, हाका सुरू झाल्या, आणि थोड्या वेळानं काठावरच्या गर्दीतून एक माणूस पुढं आला. आई उठून उभी राहिली. ओळख पटायला तिला काही वेळ लागला नाही, तो बबनमामाच होता. मामा गर्दीत परत दिसेनासा झाला तेव्हा तिचा चेहरा पडला. पण तो गेला होता गुऱ्हाळाकडं. तिकडं नदी ओलांडायला होडी नसते, उसाचा रस आटवायची मोठी काहील असते. चार जणांनी ती डोक्यावर पालथी धरून आणली, पाण्यात सोडली, तिला दोर बांधला, आणि मामा हातात लांब कळक घेऊन तिच्यात बसला. ती गोल चकती गरगरत, कलंडत, कधी उलट्या दिशेला जात आमच्याकडं येऊ लागली. काठावरची माणसं दोर सैल सोडत होती.

खडकाला काहील टेकली. मामा तिच्यातच बसून राहिला. उतरला नाही. दादा वर उभे होते आणि मामा खाली, मधे दोन हातांचं अंतर. पहिल्यांदा मामा म्हणाला, जयभीम. दादाही म्हणाले, जयभीम. मामानं आईकडं पाहिलं आणि मान खाली घातली. ‘दाजी, तुमी दारात येऊ नको म्हनला व्हता.’

दादांनी बघितलं. डावीकडं पाणी, उजवीकडं पाणी, मागं तंबू. ‘हितं माझं दार कुठं हाय?’ ते म्हणाले. ‘ये वर.’ आणि त्यांनी हात पुढं केला.

मामा तो हात धरून वर आला आणि दादांच्या पायाशी वाकता वाकता म्हणाला, ‘मुराळी आलोय. आक्काला धाडता का?’ दादांनी त्याला मधेच धरून उभं केलं. मग होकाराची मान हलवली. आईनं बांधलेलं बोचकं परत सोडलं. मुराळी काही न खाता जात नाही. तिनं दशमीवर चटणी घातली, वर गुळाचा खडा ठेवला आणि मामाच्या पुढं केली. मामा जेवत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि पिंट्या त्याला विचारत होता की हे बेट तुझंच का.

निघायची वेळ आली. काहिलीत एका खेपेला दोनच मोठी माणसं बसू शकत होती, समोरासमोर, सारखा भार देऊन; एक जरी हलला तरी ती उलटणार. मामा आत बसला आणि त्यानं आक्काला हात दिला. आई हलली नाही. म्हणाली, ‘आधी ह्यांना ने.’ दादा म्हणाले, मी कशाला, मी राहतो इथं, तंबू आहे, सामान आहे, तुम्ही जाऊन या, मी पाणी ओसरलं की दौंडला जातो. आईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की पुढची सबब त्यांच्या ओठांवरच राहिली. त्यांनी बूट काढले, हातात घेतले आणि ते काहिलीत मामासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून.

प्रवाहाच्या मधे काहील गरकन फिरली. दादांच्या हातातले बूट गेले पाण्यात. कळक निसटला. दोघांनी एकमेकांचे खांदे गच्च धरले आणि ते तसेच, कपाळाला कपाळ लागेल इतके जवळ, काठावरच्या दोरानं ओढले जाऊ लागले. आई आधी हसायला लागली. हसता हसता खडकावर बसली, पदर तोंडाला लावला, आणि मग मला कळलं की ती रडत होती.

पिंट्याला काही उमजेना. तो म्हणाला, आई, मामा तर तुला न्यायला आला होता ना?

‘मला काय, मला कवा ना कवा कुनीबी न्यायला आलं असतं,’ आई डोळे पुसत म्हणाली. ‘तुज्या दादांना न्यायला कोन येनार व्हतं?’